जीन्समुळे मुलीला चर्चच्या दारात अडवलं: शास्त्र नेमकं कोणाला काय सांगतं?

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगी अमरावतीला शिकते. सुटीत गावी आली आणि रविवारी जीन्स अन् गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालून उपासनेला निघाली. फाटकाजवळ उभी असलेली दोन-तीन पोरं काहीबाही बोलली, त्यांना कोणी हटकलं नाही. दारात मात्र मंडळीच्या एका वडिलांनी, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या एका ज्येष्ठानं, तिला थांबवलं आणि चारचौघांत म्हणाले, "असे कपडे घालून येशील तं पोट्ट्यायचं ध्यान प्रार्थनेत कसं लागंल?" आता ती म्हणते, चर्चमध्ये पाय ठेवणार नाही. तुमच्या सासूबाई म्हणतात, वडील बरोबरच बोलले. तुम्ही विचारता की शास्त्र, म्हणजे बायबल, कोणाच्या बाजूनं आहे, आणि पोरीला ओढून न्यावं का.

मी गावात शिवणकाम करते आणि आमच्या महिला मंडळात बरीच वर्षं आहे. म्हणजे उपदेश कोण काय करतं ते कानावर पडतं आणि ब्लाऊजचा गळा कोण किती खोल सांगतं तेही माझ्या वहीत असतं. त्यावरून बोलते.

आधी सरळ उत्तर. शास्त्रात पेहरावाबद्दल सांगितलं आहे आणि नजरेबद्दलही. पेहरावाचं सांगणं नेसणाऱ्याला आहे, नजरेचं बघणाऱ्याला. दोघांनी आपापला जबाब देवाला द्यायचा. तुमच्या दारात झालं काय, तर पोरांच्या नजरेचा जबाब पोरीला विचारला गेला. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहायला सांगितलं आहे आणि लगेच पुढं, प्रत्येकानं आपापला भार वाहायचा आहे, असंही सांगितलं आहे. पोरांना सुधारायला मंडळीनं मदत करावी, जरूर करावी. त्यांचं पाप तुमच्या मुलीच्या नावावर लिहायची सोय त्या अध्यायात नाही.

वडिलांनी आधाराला १ तीमथ्य २:९ घेतलं असेल, पौल या प्रेषितानं आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रातलं. आमच्याकडेही महिलांच्या सभेत ते ठरलेलंच असतं. पण वाचणारा दरवेळी नवव्या वचनापासून सुरू करतो. आठवं वचन पुरुषांना आहे: राग आणि वाद सोडून, पवित्र हात वर करून प्रार्थना करावी. पौलानं आधी त्यांना सांगितलं, मग स्त्रियांकडे वळला. दारात उभं राहून लेकराच्या वयाच्या पोरीवर डाफरणं आठव्या वचनात कुठं बसतं, हे एकदा बघायला हवं.

आणि नवव्यात तरी काय आहे? मर्यादेनं नेसा हे आहेच. त्याला जोडून जी नावं घेतली आहेत ती गुंफलेल्या केसांची, सोन्याची, मोत्यांची आणि मोलवान वस्त्रांची. तीमथ्य तेव्हा इफिसात होता, मोठ्या व्यापारी शहरात. त्या काळच्या श्रीमंत रोमी घरांतल्या बाया दासींकडून तास-तासभर केसांची रचना करवून घ्यायच्या. असं नटून मंडळीत येऊन बसलं की शेजारच्या गरीब बाईला आपलं लुगडं खुपायला लागणार. शाळेत दोन वेण्या घालून जाणाऱ्या पोरीला आपण हे वचन दाखवत नाही. ती वेणी त्या वेणीपैकी नाही हे आपल्याला न शिकवता कळतं. मग एवढी समज आपल्यात आहे तर ती जीन्सच्या वेळी कुठं जाते?

इथं मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण हे माझ्या मशीनवरचं आहे. आठवडी बाजारात लेगिन्स दीड-दोनशेत मिळते. सलवार शिवायची तर कापड वेगळं, शिलाई वेगळी. निंदणाच्या मजुरीवर घर चालवणारी बाई पोरीला लेगिन्स घेते ती परवडते म्हणून. जीन्सचंही तेच, एक घेतली की कॉलेजची दोन वर्षं निघतात. याउलट नाताळ बघा. कापसाचा पैसा हातात आलेला असतो, एकीनं काठाची साडी घेतली की दुसरीला त्याहून भारी हवी. ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी या साड्या उधारीवर येतात, आणि माझी शिलाई मला मार्चात मिळते. मागचा गळा खोल, त्याला दोरी, दोरीला लटकन. पौलाचं वचन खरं लागू पडतं ते इथं. पण पंचवीस डिसेंबरला दारात उभं राहून "बाई, ही साडी उधारीची आहे का" असं कोणी विचारलेलं मी पाहिलं नाही. उलट पुढची खुर्ची मिळते. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा अन् मळक्या कपड्यातल्या गरिबाला "तू तिकडे उभा राहा", यावर याकोबानं दुसऱ्या अध्यायात किती कडक लिहिलं आहे! त्यावर आमच्याकडे प्रवचन क्वचितच होतं.

जीन्स हा पुरुषाचा पोशाख, म्हणून काही जण बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचं २२:५ काढतात. पण वेचणीच्या दिवसांत साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून, डोक्याला दुपट्टा बांधून अर्धं गाव वावरात असतं. पऱ्हाटीच्या काड्यांनी हात सोलून निघू नयेत म्हणून. त्यातल्या कितीतरी आपल्याच मंडळीतल्या. त्यांना कोणी अनुवाद ऐकवत नाही, अन् ऐकवूही नये.

लग्नाचं तर विचारूच नका. नागपूरहून भाड्यानं आणलेला पांढरा गाऊन, खांदे उघडे, पाठ उघडी, आणि चर्चची तीच कमिटी हसत-हसत फोटोला उभी. बरेचदा नवरीची आईच आदल्या दिवशी धावत येते, "बाई, जाळीच्या बाह्या लावून दे वं." मी लावून देते.

दुसरं एक वचन तुमच्यासमोर नक्की येईल, दुर्बळ भावाला अडखळण होऊ नका, हे. ते नीट वाचून ठेवा. १ करिंथकरांस आठवा अध्याय आणि रोमकरांस चौदावा, दोन्हीकडे विषय खाण्यापिण्याचा आहे, रोमकरांसमध्ये दिवस पाळण्याचाही. करिंथात प्रश्न मूर्तीपुढं ठेवलेल्या मांसाचा होता. ते खाल्लं तर पाप होईल असं ज्याच्या मनाला वाटतं तो तिथला दुर्बळ. पौल म्हणतो, माझ्या खाण्यानं भाऊ अडखळत असेल तर मी मांस खाणारच नाही. म्हणजे ज्याला मोकळीक आहे तो स्वतःहून सोडतो. दुर्बळानं दारात उभं राहून दुसऱ्याचं ताट हिसकावावं, असं तिथं नाही. दुसरं म्हणजे, वासनेनं बघणाऱ्याला पौल दुर्बळ म्हणत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं त्याला सरळ व्यभिचार म्हटलं आहे, आणि उपटायला सांगितला आहे तो बघणाऱ्याचा डोळा. तुमच्या गावच्या पोरांना "दुर्बळ भाऊ" म्हणून माफ करणं म्हणजे त्यांचंच नुकसान करणं आहे. उद्या ही पोरं बसस्टँडवर, कॉलेजात, कामाच्या ठिकाणी जातील. तिथल्या बाया काय घालतील ते आपली कमिटी ठरवणार आहे का? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कोण किती कपडा अंगावर ठेवील यावर तर कोणाचाच ताबा नाही.

दावीद राजानं अंघोळ करणारी दुसऱ्याची बायको बथशेबा पाहिली अन् तिला बोलावून घेतलं, ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो आणि दरवेळी कोणी ना कोणी म्हणतंच, "पण ती उघड्यावर अंघोळ काऊन करत होती?" २ शमुवेल अकरावा उघडून बघा. गच्चीवर होता तो दावीद. ती कुठं होती हे लिहिलेलंच नाही. मासिक विटाळानंतरची शुद्धी ती करत होती, म्हणजे नियमच पाळत होती. आपल्याकडे आजही कितीतरी घरांची न्हाणी म्हणजे तट्ट्याचा आडोसा अन् वर आभाळ. शेजारच्या माडीवरून कोणी डोकावलं तर दोष तट्ट्याला द्यायचा का? बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा येतो तो फक्त दावीदाकडे येतो, आणि श्रीमंतानं हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत मेंढीकडे कसलाही दोष नाही.

आता सासूबाई. त्यांच्याशी वचनांची लढाई करू नका, हरलात तरी घर बिघडेल अन् जिंकलात तरी. त्या कडक का आहेत ते समजून घ्या. विदर्भातल्या आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांची मुळं अशा वस्त्यांत आहेत जिथं बाईनं अंगभर, नीट, चांगलं लुगडं नेसणं हेच वरच्यांना खपायचं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना मुद्दाम सांगितलं होतं की वरच्या जातीतल्या बायांसारखं लुगडं नेसा, जात दाखवणारे ते जड दागिने टाकून द्या. आपले लोक चर्चमध्ये आले असोत की दीक्षाभूमीवर गेले असोत, स्वच्छ, अंगभर कपडा ही त्या पिढीनं कमावलेली इज्जत आहे. म्हणून नातीच्या फाटक्या डिझाइनच्या जीन्सकडे बघून आजीला जे वाटतं ते निव्वळ जुनाटपणा म्हणून झटकू नका. मुलीलाही हे सांगा. ती शिकलेली आहे, तिला कळेल.

मुलीच्या बाजूनं बोलले म्हणून कोणी समजू नका की काहीही चालतं असं मी म्हणते. दुकानात पोरी येतात, मोबाइलवर फोटो दाखवतात. मी एवढंच विचारते की हे घालून तुला वाकता येईल का, मांडी घालून बसता येईल का, सारखं ओढून-ताणून नीट करत बसावं लागेल का. आमच्या चर्चमध्ये सतरंजीवर बसतात, तिथं घट्ट कपड्यात तासभर बसणारीचंच ध्यान उडतं. कुर्त्याचे साइड कट दोन इंच खाली घेतले तरी अर्धी तक्रार मिटते. त्यापुढचं ती आणि तिचा देव. १ पेत्र तिसऱ्या अध्यायात शांत, सौम्य आत्म्याचा अलंकार सांगितला आहे, तो ना मी शिवून देऊ शकते ना वडील दारात तपासू शकतात.

आणि मर्यादा पुरुषांनाही आहे. वरची तीन बटणं उघडी टाकून, वाकलं की पाठ दिसेल अशा पँटी घालून गाणी म्हणायला उभी राहणारी पोरं आहेत. त्यांना दारात थांबवलेलं ऐकलं नाही. नियमच करायचा असेल तर तो सगळ्यांना एकच असावा आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी लागू करू नये. कामावरून तसाच आलेला मजूर, परक्या गावची पाहुणी, यांना दारातून परत पाठवायला चर्च काही कोणाचा वाडा नाही.

मुलीला ओढून नेऊ नका. या घडीला नेलीत तर ती तुमच्या शेजारी बसेल पण ऐकणार काहीच नाही. घरी प्रार्थना चालू ठेवा, तिला प्रश्न विचारू द्या, आणि तुम्ही स्वतः तिच्या बाजूनं उभ्या राहिलात हे तिला दिसू द्या. अमरावतीत मंडळ्यांची कमी नाही, मैत्रिणीबरोबर ती तिथं जात असेल तर जाऊ द्या.

पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, भेटायला एकट्या जाऊ नका, मुलीच्या बाबांना घेऊन जा. बाई एकटी बोलली की "ताईंना राग आला" एवढ्यावर विषय संपतो. त्यांच्यासमोर दोन गोष्टी ठेवा. वडिलांनी चारचौघांत बोललं ते मुलीशी घरी येऊन, नीट बसून बोलावं. आणि फाटकावरच्या पोरांना पाळकांनी स्वतः बोलावून समज द्यावी, त्यांच्या आईबापांसमोर. युवक संघात ईयोब ३१:१ वर एक रविवार घ्यायला सांगा. तिथं ईयोब आपल्या डोळ्यांशी करार करतो, कोण्या पोरीशी नाही. पोरं पुन्हा बोलली तर मग हा चर्चचा घरगुती विषय राहत नाही. बाईची अब्रू दुखावण्यासाठी शब्द काढणं किंवा हावभाव करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धमकी म्हणून सांगू नका, पण पाळकांना माहीत असू द्या.

कमिटीची बैठक लागली तर तुमचं म्हणणं एका कागदावर लिहून, सही करून द्या आणि त्याची एक प्रत जवळ ठेवा. तोंडी सांगितलेलं आपल्याकडे मिनिट्सच्या वहीत कधी येत नाही.