अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांपैकी कोणते आवडले, कोणते नाही आणि का?

तुम्ही विचारलंय की नुकतेच कोणते चित्रपट पाहिले, त्यातले कोणते आवडले, कोणते नाही. आणि समीक्षकाच्या भाषेत नको, साध्या प्रेक्षकासारखं सांगा. मी साधी प्रेक्षकच आहे. कुठली लेन्स वापरली, संकलन कसं केलं, हे मला कळत नाही. पण गेल्या काही महिन्यांत जे पाहिलं त्यातलं मनात काय राहिलं हे आठवायला बसले की मला दृश्यांच्या आधी आवाज आठवतात. त्यामुळे हे उत्तर बरंचसं कानांबद्दल आहे. कुठल्याच चित्रपटाचं रहस्य फोडलेलं नाही, निर्धास्त वाचा.

सुरुवात 'द झोन ऑफ इंटरेस्ट'पासून करते, कारण कानाकडे लक्ष गेलं ते या चित्रपटामुळे. जोनाथन ग्लेझरचा २०२३ चा चित्रपट. आरंभी पडदा काळा होतो आणि बराच वेळ काळाच राहतो. मिका लेव्हीचं संगीत खोल खोल उतरत जातं, मग हळूच पक्ष्यांची किलबिल येते. पाहण्यासारखं काही नसल्यामुळे आपण ऐकायला लागतो, आणि पुढचा सगळा चित्रपट त्या सवयीवर उभा आहे.

गोष्ट आहे रुडॉल्फ हेस या नाझींच्या आउशवित्झ छळछावणीच्या प्रमुखाच्या कुटुंबाची. छान घर, फुलांची बाग, मुलांसाठी पाण्याचा छोटा हौद, आणि बागेच्या कडेला एक भिंत. भिंतीपलीकडे छावणी. पलीकडचा एकही अत्याचार पडद्यावर दिसत नाही. फक्त ऐकू येतो. दूरवर ओरडण्याचे आवाज, कुत्री, मधूनच गोळी, येणारी आगगाडी, आणि या सगळ्याखाली प्रेतं जाळण्याच्या भट्ट्यांची न थांबणारी घरघर. इकडे हेसची बायको पाहुण्यांना बाग दाखवत असते, बाळाला फुलांचा वास घ्यायला लावत असते. ग्लेझरनं घरात ठिकठिकाणी कॅमेरे लपवून ठेवले होते आणि चित्रण चालू असताना खोलीत नटांशिवाय कुणी नसायचं. म्हणूनच बहुधा ती माणसं इतक्या सहजपणे वावरतात की भीती वाटते.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. साधारण अर्ध्या तासानंतर ती घरघर मला ऐकू येईनाशी झाली. ती चालूच होती, माझ्या कानांनी ती बाजूला सारली होती. आणि मग लक्षात आलं की त्या घरातल्या माणसांचंही हेच झालंय. मधेच बाईची आई राहायला येते. मुलीचं वैभव पाहून आधी हरखते, पण रात्री तिला झोप लागत नाही, आणि एका पहाटे ती चिठ्ठी ठेवून निघून जाते. त्या घरात आलेल्या माणसांपैकी तिलाच तो आवाज ऐकू येत होता असं मला वाटलं. मुलगी ती चिठ्ठी वाचते आणि चुलीत टाकते. जॉनी बर्न आणि टार्न विलर्स यांना २०२४ मध्ये ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं. मला विचाराल तर हा चित्रपट जितका दिग्दर्शकाचा तितकाच त्यांचाही आहे.

यातली बायको झालेली झांड्रा ह्युलर इतकी मनात बसली की तिचाच 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' शोधून पाहिला. जस्टिन त्रिए यांचा हा फ्रेंच चित्रपट २०२३ सालीच आला आणि त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पाम द'ऑर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला. डोंगरातलं घर, बर्फात पडलेला नवरा, आणि प्रश्न एकच: तो पडला, त्यानं उडी मारली, की बायकोनं ढकललं? पहिल्याच प्रसंगात बाई खाली मुलाखत देत असते आणि वरच्या मजल्यावरून नवरा तेच एक वाद्यसंगीत मोठ्या आवाजात पुन्हा पुन्हा लावत राहतो. तो दिसत नाही, त्याचा शब्दही कानावर पडत नाही, तरी या संसारात काय बिनसलंय ते तेवढ्यात कळतं.

आणि पुढे ते भांडण. नवऱ्यानं मृत्यूच्या आदल्या दिवशी गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण कोर्टात ऐकवलं जातं. सुरुवातीला आपल्याला ते दोघं स्वयंपाकघरात प्रत्यक्ष दिसतात. शब्द वाढत जातात, आणि जिथे मारहाण सुरू होते नेमकं तिथे दृश्य तुटतं, आपण पुन्हा कोर्टात येतो. आता फक्त आवाज: काच फुटली, काहीतरी आपटलं, पण कुणी कुणाला मारलं? न्यायाधीशांकडे जेवढं आहे तेवढंच आपल्याकडे. आपण साक्षीदार नाही हे इतक्या साध्या युक्तीनं जाणवून देणारा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही. मुलगा, जो जवळजवळ अंध आहे, तोही हे ऐकत बसलेला असतो. चित्रपटात त्याचं सगळं जग ऐकण्यावर चालतं, आणि निकालही शेवटी त्याच्या सांगण्याभोवती फिरतो. अडीच तास कसे गेले कळलं नाही.

त्यानंतर मुद्दाम 'कोर्ट' परत पाहिला. चैतन्य ताम्हाणे यांचा, २०१४ चा; सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. फ्रेंच कोर्टात वकील एकमेकांवर तुटून पडतात, वाक्यावाक्याला टाळी मिळेल असं बोलतात. 'कोर्ट'मध्ये सरकारी वकील कायद्याची कलमं एका सुरात वाचत राहते, न्यायाधीश साक्षीदाराचं बोलणं आपल्या शब्दांत करून टंकलेखकाला सांगतात, आणि कॅमेरा लांब एका जागी थांबून हे सगळं पाहतो. माणसाचं आयुष्य पणाला लागलंय आणि खोलीत आवाज आहे तो पंख्याचा, कागदांचा, पुढच्या तारखेचा. वीरा साथीदार यांचा नारायण कांबळे गायला लागतो तेव्हा मात्र सगळं अंग जागं होतं. एका सफाई कामगारानं त्याचं गाणं ऐकून आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप आहे. म्हणजे खटलाच मुळी एका गाण्यावर चाललाय. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यातला विनोद जास्त दिसला होता. या वेळी तो एकसुरी आवाज जास्त बोचला. गीतांजली कुलकर्णींचं काम तर पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे: तीच वकील लोकलमध्ये शेजारणीशी गप्पा मारते तेव्हा किती आपली वाटते!

इतकं जड पाहिल्यावर 'फ्लो' म्हणजे मोकळा श्वास होता. लाटवियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा २०२४ चा ॲनिमेशनपट. पाणी चढत चाललंय, एक काळं मांजर, एक कापीबारा (उंदराच्या कुळातलं मोठं जनावर), एक माकडासारखा लेमूर, एक कुत्रा आणि एक मोठा पक्षी एकाच होडीत. संवाद एकही नाही. प्राणी प्राण्यांसारखेच आवाज काढतात, माणसांसारखं बोलत नाहीत. त्यासाठी खऱ्या प्राण्यांचे आवाज घेतलेत; पण कापीबाराचा खरा आवाज त्या शांत जनावराला शोभेना, म्हणून तिथे उंटाच्या पिल्लाचा वापरला. हा सगळा चित्रपट 'ब्लेंडर' या कुणालाही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनला आणि त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, याचा मला मनापासून आनंद झाला. घरात लहान मूल असेल तर सोबत बसवा. भाषांतर करून सांगावं लागत नाही.

आता पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळालेला, २०२४ चा. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सेस आणि त्यांच्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती यांची गोष्ट. सुरुवातीला शहराची दृश्यं सरकत राहतात आणि वेगवेगळ्या भाषांतले आवाज ऐकू येतात, कामासाठी इथे आलेल्या माणसांचे. चेहरे आणि आवाज जुळत नाहीत, म्हणून पडद्यावर दिसणारं कुणीही ते बोललं असेल असं वाटतं. मधे मधे इथिओपियाच्या एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या ननचं पियानोवादन येतं. ते इतकं चालत-थांबत, स्वतःशीच बोलल्यासारखं आहे की संगीत असूनही ते मला काहीच सांगत नाही, फक्त सोबत करतं. छाया कदम यांची पार्वती मला तिघींत सगळ्यात खरी वाटली. राहत्या घराचा हक्क दाखवायला तिच्याकडे कागद नाही, आणि त्याबद्दल ती जे बोलते त्यात रडगाणं औषधालाही सापडत नाही. उत्तरार्धात गोष्ट रत्नागिरीकडे जाते तेव्हा शहराचा सततचा गोंगाट थांबतो आणि आपलेही खांदे सैल होतात. काहींना हा भाग संथ वाटला. मला तो आणखी थोडा चालला असता.

'परफेक्ट डेज'बद्दल मात्र मन दुभंगलेलं आहे. विम वेंडर्सचा हा चित्रपट टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणाऱ्या हिरायामाबद्दल आहे. हिरायामा झालेल्या कोजी याकुशो यांना यासाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि तो शंभर टक्के योग्य आहे. हा माणूस जेमतेम बोलतो. गाडीत कॅसेट लावतो, झाडांमधून गळणारं ऊन पाहतो, काम मन लावून करतो. सहकारी अचानक नोकरी सोडतो आणि दुप्पट काम अंगावर पडतं, तेव्हा फोनवर त्याचा आवाज चढतो. आधीच्या शांततेमुळे ती चार वाक्यं अंगावर येतात. शेवटी नीना सिमोनचं गाणं चालू असताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही येतं-जातं, त्यासाठीसुद्धा चित्रपट पाहावा.

पण स्वच्छतागृहं? ती शिगेरू बानसारख्या नामवंत वास्तुरचनाकारांनी बांधलेली. त्यातल्या एकाच्या रंगीत पारदर्शक काचा आत जाऊन कडी लावली की अपारदर्शक होतात. साफ करायला आलेल्या माणसासमोर घाण म्हणून जवळजवळ काही येतच नाही. कष्टाचं काम इतकं सुंदर दिसलं की मला ते पटत नाही. या कामाला मान हवा हे खरं, पण त्यासाठी काम देखणं करून दाखवायची गरज नव्हती.

आणि न आवडलेला. म्हणजे अर्धामुर्धा न आवडलेला: 'ओपनहायमर', अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा. किलियन मर्फीचं काम अप्रतिम, विषय मोठा, पण तीन तासांत संगीत क्वचितच उसंत घेतं. दोन माणसं समोरासमोर बसून साधं बोलत असली तरी खाली व्हायोलिनं धावतायत. हे फार महत्त्वाचं आहे, आता घाबरा, आता थक्क व्हा, असं कुणीतरी सतत हाताला धरून नेत असल्यासारखं वाटतं. त्यातले मला आवडलेले दोन्ही प्रसंग संगीत बाजूला होतं तिथले आहेत. एक, १६ जुलै १९४५ ची अणुचाचणी: आधी प्रकाश, आणि आवाज लांबून यायला वेळ लागतो, म्हणून तोवर फक्त श्वास. दुसरा, हिरोशिमानंतरचं भाषण. जमावाचं पाय आपटणं अगोदरपासून मधूनमधून ऐकू येत असतं आणि ते कशाचं होतं हे इथे उलगडतं. ज्यांना हे दोन प्रसंग सुचले, त्यांनी उरलेल्या वेळी प्रेक्षकाच्या कानांवर इतका कमी विश्वास का ठेवावा? हल्लीच्या आपल्या मोठ्या ॲक्शनपटांबद्दलही माझी हीच तक्रार आहे. नायक दारातून आत आला तरी ढोल. मग खरोखर काही घडतं तेव्हा वाजवायला उरतं काय?

तुम्हाला यातलं एकच पाहायचं असेल तर 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' घ्या. गोष्ट पकडून ठेवते आणि पाहून झाल्यावर वाद घालायला कुणीतरी सोबत असेल तर फारच छान. 'द झोन ऑफ इंटरेस्ट' मात्र मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नका, निम्मा चित्रपट ऐकूच येणार नाही. चांगले हेडफोन लावा. आणि सबटायटलमध्ये दोन पर्याय दिसले तर फक्त संवादांचं निवडा. दुसऱ्यात प्रत्येक आवाज काय आहे ते लिहून येतं. ज्यांना ऐकायला त्रास होतो त्यांच्यासाठी ती सोय फार मोलाची आहे, पण ऐकू येत असेल तर भिंतीपलीकडे काय चाललंय ते तुमचं तुम्हीच ओळखा.