वाचकांचे प्रश्न : पेवेन वृक्षाची माणसे

प्रश्न : आमच्या भागातले मेंढपाळ दिवाळी झाली की वाडे घेऊन बाहेर पडतात आणि मृगाच्या सुमारास परततात. दक्षिण अमेरिकेतील पेहुएन्चे हेही असेच भटके लोक असून ते झाडाचे बी खाऊन राहतात, असे वाचनात आले. झाडाच्या बियांवर माणसांचे वर्ष निघते कसे?
– एक निवृत्त शिक्षक, आटपाडी (जि. सांगली)

उत्तर : आपल्या प्रश्नातला 'भटके' हा शब्द आधी बाजूला ठेवू, कारण पेहुएन्चे हिंडत नाहीत, ते ये-जा करतात. मापुदुंगुन या त्यांच्या भाषेत 'पेवेन' म्हणजे अरौकारिया कुळातला एक उंच, सदाहरित वृक्ष आणि 'चे' म्हणजे माणसे. ज्यांच्या नावातच झाड आहे, ते त्या झाडापासून फार लांब जाणार तरी कुठे? अँडीज पर्वताच्या दोन्ही अंगांना, म्हणजे चिलीतील बिओबिओ नदीच्या वरच्या खोऱ्यात व लोन्किमाय परिसरात आणि पलीकडे अर्जेंटिनाच्या नेउकेन प्रांतात त्यांची वस्ती आहे. आज त्यांची गणना मापुचे या तिथल्या मोठ्या आदिवासी समाजात होते. पूर्वी मात्र हे लोक वेगळे होते आणि मापुचेंची भाषा व चालीरीती त्यांनी मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्याशा केल्या.

त्यांच्या वर्षाला दोन घरे असतात. खालच्या खोऱ्यातल्या हिवाळी ठिकाणाला स्पॅनिशमध्ये 'इनबेर्नादा' आणि वरच्या उन्हाळी कुरणांना 'बेरानादा' म्हणतात. आपल्याकडे थंडी पडते तेव्हा तिथे उन्हाळा असल्यामुळे डिसेंबरच्या सुमारास बर्फ हटले की शेळ्या, मेंढ्या, गुरे आणि घोडे घेऊन कुटुंबे वर चढतात व पुन्हा बर्फ पडण्याआधी खाली उतरतात. आपल्या मेंढपाळांशी साम्य आहे ते इतकेच. माण-आटपाडीचा धनगर चाऱ्याच्या टंचाईने घर सोडतो, दुसऱ्याच्या शिवारात मेंढरे बसवतो आणि त्या खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतो. पेहुएन्चे कुटुंब मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच ठरलेल्या उन्हाळी जागेवर जाते, आणि कोणते रान कोणाचे हे शेजाऱ्यांना सांगावे लागत नाही. त्याला मी स्थलांतर म्हणण्यापेक्षा मळ्यातल्या आणि गावातल्या घरांमधली ये-जा म्हणेन, फक्त मळा डोंगरमाथ्यावर आहे.

आता बियांविषयी. पेवेनची नर आणि मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात. मादी झाडावर नारळाएवढे शंकू धरतात, ते पिकायला दोन वर्षांच्या आसपास लागतात आणि एकेका शंकूत शंभराहून अधिक बिया भरू शकतात. आपल्याकडे होळी-पाडव्याचे दिवस असतात तेव्हा तिथे शंकू फुटून बी गळू लागते आणि सगळे घर, लहान मुलांसकट, झाडाखाली वेचायला बसते. झाडावर राहिलेले शंकू दोर फेकून किंवा काठीने पाडतात; पानेच इतकी कडक आणि टोकदार की वर चढणे हे धाडसाचेच काम. पोपटांच्या जातीचे पक्षीही याच बियांवर टपलेले असतात आणि त्यांनी उधळलेले बी माणसे खालून उचलतात.

बी लांबट, चार-पाच सेंटीमीटरचे, तपकिरी सालीचे असते. ते उकडतात किंवा राखेत भाजतात, मग साल दाबून आतला पांढरा गर बाहेर काढतात. फणसाची आठळी ज्याने चुलीत भाजून खाल्ली आहे, त्याला हे कृत्य आणि तो पिठूळ घास दोन्ही ओळखीचे वाटतील. वाळवून दळले की पीठ होते, पिठाची भाकरीसारखी रोटी होते, आंबवले की पेय होते. हे पीक दरवर्षी सारखे येत नाही, एक साल भरभरून तर पुढचे रिकामे. म्हणून खरी कसोटी साठवणीची असते. बिया जमिनीतल्या खड्ड्यांत पुरून किंवा पाण्यात बुडवून ठेवल्या की कित्येक महिने टिकतात. सांगलीजवळ हरिपूरच्या मातीत खोदलेल्या पेवांत हळद ठेवत असत, तिथे पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, कोंडलेला वायू निघून जाईपर्यंत वाट पाहावी लागे. जमिनीच्या पोटावर भरवसा ठेवण्याची ही वृत्ती दोन्हीकडे आहे, हे मला विशेष वाटते. अर्थात बिया हे एकच अन्न नव्हे. दूध, मांस, बटाटे आणि गहूही आहेत. स्पॅनिशांनी आणलेल्या घोड्यांवर हे लोक पूर्वी घाट ओलांडून मिठाचा व्यापारही करीत.

प्रश्न : कोयना धरणात आमच्या वडिलांचे गाव गेले. पेहुएन्चेंच्या खोऱ्यातही धरणे झाली, असे ऐकतो, ते खरे आहे का?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : खरे आहे. बिओबिओ नदीवर 1996 साली पांगे आणि 2004 साली राल्को ही जलविद्युत धरणे कार्यान्वित झाली. राल्कोच्या जलाशयात पेहुएन्चे वस्त्यांच्या जमिनी आणि पूर्वजांच्या दफनभूमी बुडाल्या. 1993 च्या चिलीतील आदिवासी कायद्यानुसार अशी जमीन मालकाच्या संमतीवाचून बदलून देता येत नाही, आणि या कायद्याच्या आधारावर निकोलासा व बेर्ता किन्त्रेमान या भगिनी अनेक वर्षे नकारावर ठाम राहिल्या. अखेर 2003 मध्ये समझोता झाला. निकोलासा यांचा मृतदेह 2013 च्या डिसेंबरात त्याच राल्को जलाशयात सापडला. काही कुटुंबांना एल बार्को या अधिक उंचीवरच्या, कडाक्याच्या बर्फाच्या जागी वसवले गेले. ज्यांनी हिवाळ्यात खाली उतरण्याचीच रीत शेकडो वर्षे पाळली, त्यांना कायमचे वर पाठवणे यात जमिनीचा हिशेब जुळला असेल, पण वर्षाचा नव्हे.

झाडापुरती गोष्ट थोडी निराळी आहे. लाकडासाठी होणारी पेवेनची तोड चिलीने 1976 मध्ये 'नैसर्गिक स्मारक' असा दर्जा देऊन रोखली, पुढे 1987 मध्ये ते संरक्षण सैल केले आणि 1990 मध्ये पुन्हा लागू केले. लोन्किमायजवळच्या किन्केन खोऱ्यातील पेहुएन्चे कुटुंबांच्या लढ्याचा त्यात मोठा वाटा होता.

प्रश्न : हे झाड साताऱ्यात लावता येईल काय?
– एक रोपवाटिकाचालक, वाई (जि. सातारा)

उत्तर : नाही. त्याला बर्फाळ हिवाळा आणि थंड उन्हाळा लागतो. महाबळेश्वरच्या गारव्यावर त्याचे भागणार नाही. मादी झाडाला पहिले शंकू धरायलाच पंचवीस-तीस वर्षे जातात. आपल्याकडे कुंडीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून विकले जाणारे थराथरांच्या फांद्यांचे झाड याच कुळातले आहे, त्याला बी धरेल अशी आशा गिऱ्हाईकाला दाखवू नये.