आमच्या नदीत मेलेले मासे दिसत नाहीत पण पिल्लं कमी झालीत, सांडपाण्यामुळे असेल का?

हो, असू शकतं, मासे न मरताही त्यांची वीण बिघडते. सांडपाण्यातून हार्मोनसारखी केमिकल्स येतात, जसं गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन, त्याने नराच्या अंगात अंड्यातल्या बलकाचं प्रोटीन तयार व्हायला लागतं, कधी वृषणात अंडपेशीसुद्धा सापडतात (खरंच!). फिशरीजच्या (मत्स्यशास्त्राच्या) अभ्यासक्रमात आम्हाला हे होतं: कॅनडात 2001 ते 2003 एका तळ्यात मुद्दाम हे इस्ट्रोजेन सोडलं, लिटरला जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम, आणि तिथले फॅटहेड मिनो मासे जवळजवळ संपलेच. पण सगळं खापर पाण्यावर फोडू नका, कोकणात पहिल्या पावसात गाभोळीने (अंड्यांनी) भरलेले चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, आपणच पाग (फेकायचं जाळं) टाकून उचलतो, पिल्लं त्यानेही घटतात.