तक्ते खूप लावले, पण तो बघतच नाही

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. अशा मुलांना चित्रांतून शिकवा, असं प्रशिक्षणात सांगितलं म्हणून भिंती भरून तक्ते लावले. तो ढुंकूनही बघत नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की कान झाकून ओरडतो. चित्रांची सवय लागली तर तो बोलायचाच नाही, अशी त्याच्या आईला भीती वाटते. काय करू?

उत्तर : बाई, आधी तक्ते उतरवा. सगळे नाही, पण तो बसतो त्याच्या समोरचे तरी. बाराखडी, फळं, वाहनं, सुविचार, वर झालरी. यातलं आपल्यासाठी काय, हे त्याला कसं कळावं? आत्ता काय चाललंय, ते कधी संपणार आणि मग काय, एवढं सांगायला त्याला चित्र हवं असतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात 1972 मध्ये सुरू झालेला, स्वमग्न मुलांसाठीचा 'टीच' कार्यक्रम याच प्रश्नांवर उभा आहे.

त्याच्या नजरेच्या उंचीवर पुठ्ठ्याची एक पट्टी लावा. सुरुवातीला दोनच कार्डं: 'आधी' आणि 'नंतर'. कार्टून नकोत, तुमच्याच शाळेतले फोटो हवेत. फोटो उमगत नसेल तर थेट वस्तू द्या: खिचडीसाठी ताटली, मैदानासाठी चेंडू. माझ्याकडची एक मुलगी ताटाच्या फोटोवरची लॅमिनेशनची चकाकीच न्याहाळत बसायची. खरी ताटली हातात दिली की उठून हात धुवायला जायची. (लॅमिनेशनचा सोस आपल्यालाच फार!)

काम झालं की कार्ड त्यानेच काढून 'संपलं'च्या डब्यात टाकायचं. बाईच कार्ड काढू लागल्या की पट्टी त्याची राहत नाही. आणि 'बसला नाहीस तर चेंडूचं कार्ड काढून टाकीन' अशी धमकी कधीही नको. ती पट्टी म्हणजे त्याचं वेळापत्रक आहे, बक्षीस किंवा शिक्षा नाही.

घंटेचा आवाज त्याला सोसत नसेल, शिवाय ती कधी होणार याचा पत्ता नसतो. थोडं आधी सुट्टीचं कार्ड दाखवा, घंटेपासून लांब बसवा. ठरलेलं ऐनवेळी बदललं की दाखवायला एक भडक रंगाचं 'बदल' कार्डही करा. केंद्रप्रमुख अचानक आले की आपलीसुद्धा घडी विस्कटते! मात्र हे कार्ड पहिल्यांदा आवडत्या बदलाला वापरा, गणिताऐवजी मैदान असं. नाहीतर ते दिसताच रडारड होईल.

आईंना सांगा, चित्रांमुळे बोलणं खुंटतं असा पुरावा नाही; काही मुलांचं बोलणं उलट वाढलेलं दिसतं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये बसवलेल्या 'पेक्स' पद्धतीत मूल कार्ड आपल्या हातात देतं आणि ती वस्तू मिळवतं. त्याने पाण्याचं कार्ड दिलं की लगेच पाणी द्या, देताना तुम्ही 'पाणी' म्हणा. 'आधी म्हणून दाखव' असं अडवू नका. तसंच कार्ड घरी माठाजवळही असू दे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हा गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना हक्काने बोलवा. पण पट्टीसाठी त्यांची वाट बघू नका, सोमवारीच लावा.