मुसा बुसी, गारदी आणि गारद

प्रश्न असा आहे : पेशवेकालीन पत्रांत निजामाच्या बाजूने लढणारा 'मुसा बुसी' भेटतो. फ्रेंच सरदाराचे नाव मुसा कसे? आणि त्याच्यामागोमाग येणारे 'गारदी' ही जात की हुद्दा?

मुसा हे नावच नाही. फ्रेंचांत पुरुषाला आदराने 'मस्य' म्हणतात, आपल्या 'राजश्री'सारखे. लिहिताना शेवटी 'र' असतो, पण तो उच्चारत नाहीत. त्याचा 'मुसा' कसा झाला याबद्दल माझा तर्क फारसी लिपीकडे बोट दाखवतो. मीम-वाव-सीन-ये ही अक्षरे ओळीने आली की फारसी वाचणारा ती सवयीने 'मूसा' वाचतो, कारण मूसा पैगंबरांचे नाव तसेच लिहितात आणि शेवटचा 'ये' तिथे 'आ' होतो. दरबारी चिटणिसाला परका शब्द ओळखीचा वाटला आणि तो तसाच मराठी कागदांत उतरला. हे एकट्या बुसीचे भाग्य नव्हे. पुढच्या पिढीत निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी रेमाँ (मृत्यू १७९८) हैदराबादेत 'मुसा राम' आणि 'मुसा रहीम' झाला. तिथले मुसारामबाग आजही त्याच्याच नावाने आहे.

म्हणून 'श्री. मुसा बुसी' लिहू नका, आदर दोनदा होतो. जुन्या पत्राचा उतारा देताना 'मुसा बुसी' ठेवा, स्वतःच्या वाक्यात नुसता 'बुसी' लिहा. पूर्ण नाव हवे असेल तर शार्ल जोझेफ पातिसिए, मार्की द बुसी-कास्तेल्नो. 'मार्की' ही पदवी आणि 'द' हे षष्ठीचे अव्यय, त्यामुळे सूचीत तो 'ब'खाली जातो, 'द'खाली नाही. इंग्रजी वळणाचे 'बसी' टाळावे. मूळ स्वर 'उ' आणि 'इ'च्या मधला, म्हणून 'ब्युसी' जास्त जवळचे, पण रुळलेले 'बुसी' सोडायचे काही कारण नाही. दख्खनच्या दरबाराने त्याला 'गजनफर जंग'ही केले होते, म्हणजे युद्धातला सिंह.

आता गारदी. फ्रेंच 'गार्द' म्हणजे पहारा, रक्षक दल. पोर्तुगीज 'गुआर्दा'ही दावेदार आहे, पण दख्खनात या शब्दाची चलती बुसीच्या फौजेमुळे झाली असावी. माझा कौल फ्रेंचला. बखरींत 'गाडदी' असेही रूप सापडते. हे कवायती पायदळ : चकमकीची बंदूक, तिला संगीन, रांगेने एकदम झाडलेली फैर आणि सोबत चालत्या तोफा. १७५१ च्या अखेरीस कुकडीकाठी चंद्रग्रहणाच्या रात्री बुसीने नानासाहेब पेशव्यांच्या तळावर छापा घातला, तेव्हा ही नवी लढाई मराठ्यांनी जवळून पाहिली. घोडदळाला अशी रांग सहसा फोडता येत नाही. उलट बाजूने, पायदळ घोड्याइतके पळू शकत नाही आणि त्याला दरमहा रोख पगार लागतो. लुटीवर किंवा जहागिरीच्या आशेवर ते टिकत नाही. बुसीने १७५३ मध्ये निजाम सलाबतजंगाकडून कोंडापल्ली, एलोर, राजमहेंद्री आणि चिकाकोल हे चार 'सरकार', म्हणजे महसुली जिल्हे, मागून घेतले ते याच पगारासाठी.

जात म्हणाल तर नाही. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी मुसलमान, नारायणरावाच्या खुनातला सुमेरसिंग गारदी हिंदू. इब्राहिमखानाचे गारदी १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जिद्दीने लढले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात थकलेल्या पगाराची कुरबुर करणाऱ्या गारद्यांकडून नारायणराव मारले गेले आणि शब्दाची अब्रू तिथे गेली. आज 'गारदी' म्हटले की भाडोत्री मारेकरीच डोळ्यांसमोर येतो, पानिपतचा शिपाई नाही. हा अन्याय आहे, पण भाषा न्याय बघून चालत नाही. 'कंपू'चेही तेच : शिंद्यांच्या कवायती फौजेची तुकडी, आज गटबाजी.

दोन शब्द मात्र याच्याशी जोडू नका. 'संघ ८५ धावांत गारद' यातला गारद फारसी 'गारत'वरून आला, म्हणजे लूट, नासधूस. त्याचा पहाऱ्याशी संबंध नाही. आणि 'भाऊगर्दी'तली गर्दी म्हणजे धामधूम, उलथापालथ. दिल्लीकडे त्या काळी 'शाहगर्दी'ही म्हणत. सदाशिवरावभाऊंच्या सैन्यात गारदी होते खरे, पण 'भाऊगर्दी' हा शब्द त्यांच्यावरून आलेला नाही.

लिहिताना सर्वांत जास्त चुकतो तो प्रत्यय. 'गर्दी' स्त्रीलिंगी, म्हणून 'गर्दीने'. 'गारदी' पुल्लिंगी, 'माळी'च्या चालीने 'गारद्याने, गारद्यांनी'. 'गारदींनी' हे रूप अलीकडे फार दिसते, ते नको. अपवाद एकच, शब्द आडनावासारखा आला तर : 'इब्राहिमखान गारदीने तोफा डागल्या' चालेल, जसे आपण 'कुलकर्णींनी' म्हणतो.