जनावरांचे डॉक्टर गरज नसताना अँटिबायोटिक देतात का? त्यांना प्रतिरोधाची काळजी नसते का?

काळजी असते. औषधाला दाद न देणारे जंतू कसे तयार होतात, हे बहुतेक पशुवैद्यांना पक्कं माहीत असतं. पण गाय तापाने फणफणलेली, मालक शेजारी उभा आणि दुधाच्या नमुन्याचा कल्चर रिपोर्ट (त्यात कोणता जंतू वाढतो ते सांगणारा) यायला एक-दोन दिवस लागणार. अशा वेळी 'थांबून बघू' म्हणणं अवघड जातं. इंजेक्शन न देता निघालेला डॉक्टर कामचुकार वाटतो, आणि जनावर दगावलं तर खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं.

कासदाहाचंच, म्हणजे जंतुसंसर्गाने कासेला येणाऱ्या सुजेचंच घ्या. ई. कोलाय या जंतूमुळे झालेला सौम्य कासदाह बऱ्याचदा आपोआप बरा होतो. पण नुसतं बघून जंतू कोणता ते कसं कळणार?

दुसरी भानगड पैशाची. अनेक देशांत जो औषध लिहून देतो, तोच ते विकतोही. डेन्मार्कने १९९५ मध्ये पशुवैद्यांच्या औषधविक्रीतल्या नफ्याला चाप लावला. नेदरलँड्समध्ये प्रत्येक फार्मवर आणि प्रत्येक पशुवैद्याकडून होणारा अँटिबायोटिकचा वापर मोजायला सुरुवात झाली. तिथे २००९ नंतर काही वर्षांतच जनावरांच्या अँटिबायोटिकची विक्री निम्म्याहून खाली आली. माझ्या मते उपदेशापेक्षा हे मोजमापच जास्त कामाला आलं.

सगळेच डॉक्टर निर्दोष आहेत असंही नाही. कोलिस्टिनसारखं, माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखायचं औषध सर्रास वापरणारेही आहेत. तुमचं जनावर असेल तर सरळ विचारा: नमुना तपासायला पाठवता येईल का, आणि आज अँटिबायोटिक नाही दिलं तर काय होईल?