वाचकांचे प्रश्न : खालचा गियर आणि थांबतानाचा हिसका

प्रश्न : मी निफाड तालुक्यात राहतो. तीन वर्षे पिकअप चालवल्यानंतर अवजड वाहनाचा परवाना काढला आणि दोन महिन्यांपासून मामांच्या सहा चाकी ट्रकमधून लासलगावचा कांदा वाशीच्या बाजारात नेतो. खालचा गियर टाकताना गाडी दर वेळी हिसका देते. थांबतानाही अगदी शेवटच्या क्षणी केबिन पुढे झुकते आणि धाडकन मागे येते. मामा म्हणतात, ‘कसारा घाटात न्यूट्रल कर, डिझेलही वाचते आणि हिसकाही बसत नाही.’ हे योग्य आहे का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : मामांच्या अनुभवाचा मान राखूनच सांगतो, की त्यांचा हा एक सल्ला आपण ऐकू नये. त्याची कारणे पुढे येतीलच, पण आधी हिसक्याचे पाहू.

क्लच सोडताना इंजिनाचे फेरे आणि चाकांकडून गियरबॉक्सपर्यंत येणारे फेरे यांत तफावत असली, की ती एका झटक्यात भरून निघते आणि तो झटका संपूर्ण गाडीला जाणवतो. समजा, चौथ्या गियरमध्ये इंजिन मिनिटाला 1200 फेरे घेत आहे आणि तिसऱ्या गियरचे प्रमाण चौथ्याच्या दीडपट आहे. त्याच वेगात तिसरा टाकल्यास इंजिनाला 1800 फेरे घ्यावे लागतात. क्लच दाबलेला असताना मात्र इंजिन 600–700 पर्यंत उतरलेले असते. आपण क्लच सोडता तेव्हा हा फरक चाकांना ओढून काढावा लागतो, म्हणून भरलेली गाडी मागून कोणीतरी धरल्यासारखी अडते. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे आधी ब्रेकने वेग उतरवून मगच गियर बदलावा, कारण वेग जितका कमी तितकी तफावत कमी. दुसरा म्हणजे क्लच सोडण्याच्या बेताला पायाने किंचित रेस देऊन इंजिनाला नव्या फेऱ्यांच्या जवळ आणावे. पिकअपमध्ये यांतले काहीच केले नाही तरी चालून जाते, कारण तिचे वजन थोडे असते. सहा चाकी ट्रकची एकूण वजनमर्यादा 2018 पासून साडेअठरा टन आहे आणि एवढे वजन चूक झाकून घेत नाही.

गियर एकेक करून उतरवलाच पाहिजे, असा एक समज शिकाऊ चालकांत दिसतो. सपाट रस्त्यावर टोलनाक्याजवळ येताना सहाव्यात असतानाच ब्रेकने वेग कमी करत नेऊन थेट चौथा किंवा तिसरा टाकला तरी काही बिघडत नाही. उलट दर वेळी क्लच वापरल्याने त्याची प्लेट झिजते. वेग कमी करणे हे ब्रेकचे काम आहे. गियर उतरवायचा तो पुढे गाडी उचलण्याची वेळ आली, तर इंजिन योग्य फेऱ्यांवर असावे म्हणून.

आता शेवटचा हिसका. गाडी उभी राहीपर्यंत ब्रेकचा दाब तसाच ठेवला, तर चाके थांबतात त्या क्षणी पुढे दबलेले पाटे (स्प्रिंग) एकदम मोकळे होतात आणि केबिन मागे फेकली जाते. म्हणून सुरुवातीला दाब हळूहळू वाढवावा, मध्ये तो स्थिर ठेवावा आणि शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पाय अलगद सैल करत न्यावा. गाडी उभी राहिली, की पुन्हा दाबून धरावा. एअर ब्रेकमध्ये पेडल आणि चाक यांच्यामध्ये हवा असते, त्यामुळे दाब चढायला आणि उतरायलाही क्षणभर लागतो. म्हणूनच पाय सैल करणे पिकअपपेक्षा थोडे आधी सुरू करावे लागते. क्लच मात्र घाईने दाबू नये. इंजिन घुटमळू लागण्याच्या जरा आधी तो दाबला की पुरे, तोपर्यंत इंजिनही गाडी धरून ठेवत असते. वाशीहून रिकामी गाडी परत आणताना हेच पाऊल हलके लागते, कारण तोच दाब रिकाम्या गाडीला जास्त होतो.

राहिला घाट. इगतपुरी सोडल्यावर उतार लागण्याआधीच, गाडी संथ असताना, गियर ठरवून टाकावा. वेग वाढल्यावर न्यूट्रलमधून खालचा गियर पुन्हा बसेलच याची खात्री नसते, आणि तो जबरदस्तीने बसवला तर चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. गियर टाकलेला असेल तर इंजिन गाडी रोखते, आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवणारा ब्रेक) लावल्यास ते अधिक जोराने रोखते. न्यूट्रलमध्ये हा सारा भार ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांवर येतो, ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही पकड मिळेनाशी होते. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावरील अपघातांमागे न्यूट्रलवर सोडलेल्या अवजड गाड्या हे कारण वारंवार पुढे आले आहे. डिझेलचा हिशेबही मामांच्या बाजूने नाही. आजच्या कॉमन रेल, म्हणजे संगणकाने डिझेल सोडणाऱ्या इंजिनात गियर टाकलेला असताना एक्सीलरेटरवरून पाय काढला, की इंधन बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. काही जण उतारावर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, टाकीत हवा भरली जात नाही आणि स्टिअरिंगही जड होते. त्याबद्दल अधिक काय बोलावे!

घाटात ब्रेक सतत घासत ठेवू नये आणि पेडल फटाफट मारून टाकीतली हवाही संपवू नये. ठरवलेला वेग ताशी 30 किलोमीटर असेल, तर 30 वर पोहोचताच नेमका दाब देऊन 22 पर्यंत आणावा, पाय पूर्ण काढावा आणि गाडी पुन्हा 30 वर आली की तेच करावे. दोन ब्रेकच्या मधल्या वेळात ड्रमला थंड व्हायला सवड मिळते.

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रकचा गियर खाली टाकताना खरखरतो. मिस्त्री गियरबॉक्स ठीक असल्याचे सांगतो. काय करावे?
– एक वाचक, फलटण

उत्तर : आपल्या गाडीत सिंक्रोमेश (गियर बसण्याआधी दात्यांचे फेरे आपोआप जुळवणारा भाग) नसावा किंवा तो झिजलेला असावा. अशा गाडीला डबल क्लच लागतो. क्लच दाबून न्यूट्रल करावे, क्लच सोडून रेस द्यावी, पुन्हा क्लच दाबून खालचा गियर टाकावा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असतानाच रेस दिली पाहिजे, कारण तेव्हाच ती गियरबॉक्सच्या आतल्या दांड्यापर्यंत पोहोचते. क्लच दाबून दिलेली रेस फक्त इंजिनात राहते आणि खरखर तशीच ऐकू येते.